बंद गळ्याचा ब्लाउज

माझं हळदीचं गाणं गाजलं तेव्हा मी पिंपरी पेंढारला आईकडे राहत होते. महिनाभरात जुन्नरच्या बाजारात बायका मला थांबवून फोटो काढायला लागल्या. ज्याच्या स्टुडिओत ते गाणं झालं, त्याच्याशीच वर्षाच्या आत माझं लग्न झालं. चाल त्याची, आवाज माझा. लोकांना जोडी आवडली.

लग्नानंतर माझा फोन त्याच्याकडे गेला. कुठे गायचं, कुणाशी बोलायचं, सगळं तोच ठरवू लागला. पहिल्यांदा मारलं ते सूर चुकला म्हणून. मी मनाशी म्हटलं, चुकलाच होता. पुढे सूर न चुकताही हात उठायचा. संध्याकाळी आम्ही मोबाइलसमोर शेजारी बसून लाइव्ह जायचो, आणि बायका लिहायच्या, असा नवरा मिळायला नशीब लागतं.

त्या मे महिन्यात महाळुंगे पडवळला महिलांच्या मेळाव्यात माझं गाणं ठरलं होतं. तालमीत मी सहज म्हणाले, दुसऱ्या एका संगीतकारानेही विचारलंय. त्याने माझा गळा धरला. सोडला तेव्हा म्हणाला, "हा आवाज मी बनवलाय. बंदही मीच करीन."

गळ्यावर वळ उठले. ते झाकायला बंद गळ्याचा ब्लाउज हवा म्हणून त्यानेच मला जुन्नरला नेलं. दुकान एका जैन कुटुंबाचं. बायकांची मापं त्या घरातल्या काकी घेत. तो बाहेर दारापाशी बसला, मी पडद्याआड गेले.

"एवढ्या उकाड्यात बंद गळा?" म्हणत काकींनी ओढणी बाजूला केली. त्यांच्या हातातली टेप थांबली.

"बाही किती ठेवू?" त्या मोठ्याने म्हणाल्या. मग अगदी हळू, "कुणी केलं हे?"

मी पडद्याकडे पाहिलं.

"झालं का?" बाहेरून त्याचा आवाज आला.

"अस्तर निवडतेय ती, भाऊ. चहा सांगते तुम्हाला," काकी म्हणाल्या. मग माझ्या कानाशी, "मागचं दार गल्लीत उघडतं. मी येते सोबत. चलतेस?"

माझे पाय हलेनात. काकींनी हात धरला, तेव्हा हलले.

गल्लीत दोन मुलींनी मला ओळखलं. "ताई, हळदीच्या गाण्यातल्या तुमीच ना? एक फोटू." नाही म्हटलं तर त्या हाका मारतील, तो ऐकेल, या भीतीने मी ओढणी गळ्याशी घट्ट धरून हसले. त्या फोटोत मी खरंच आनंदी दिसत असेन.

पोलीस ठाण्यात हवालदार उठूनच उभे राहिले. "म्याडम, आमच्या पोरीच्या हळदीला तुमचंच गाणं व्हतं."

"आधी तिचा गळा बघा," काकी म्हणाल्या.

महिला शिपाई तक्रार लिहून घेत होती, तेवढ्यात गल्लीत विचारत विचारत तो आला. अगदी गोड बोलला. "घरातली गोष्ट आहे, साहेब. परवा कार्यक्रम आहे, पोस्टर लागलेत. चल गं."

सगळे माझ्याकडे बघत होते. माझा आवाज घोगरा झाला होता. "नाय येणार," एवढंच निघालं. त्याला नीट ऐकूही गेलं नसावं, म्हणून मी ते पुन्हा म्हटलं.

केस अजून चालू आहे. मी आईकडे आहे. वरचे सूर परत आले नाहीत. खालच्या पट्टीत गाते, तेही कुणी आग्रह केला तर. त्याच्या चॅनलवर माझं गाणं आता दुसऱ्या एका मुलीच्या आवाजात आहे. शेजारी बसून ती हसते. मी तिला माझा नंबर लिहून मेसेज केला, तिने मला ब्लॉक केलं. राग आला नाही. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

गेल्या आठवड्यात दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे कुणी बोलेना, नुसता श्वास.

"मी ऐकतेय," मी म्हटलं. मग मी आईच्या घराचा पत्ता सांगितला, कुठल्या थांब्यावर उतरायचं तेही, सावकाश, दोनदा. फोन बंद झाला.

तो नंबर मी जपून ठेवला आहे.