मागचा पडदा

राहुरीजवळ एका साहेबांच्या सत्कार समारंभात मी त्याला एकदाच पाहिलं. मंडपवाल्याचा माणूस, कूलर चालवायला आलेला. मे संपत आला होता, आभाळ भरून आलं होतं, आणि मंडप शोभेसाठी चारी बाजूंनी पडदे लावून बंद केलेला. आधीच दमट हवा. त्यात चार कूलर आणखी ओल सोडत होते.

तो भाषण ऐकत नव्हता. ओल्या पंच्यानं मान पुसत रांगांमधून फिरत होता आणि लोकांचे चेहरे बघत होता. तिसऱ्या रांगेतल्या एका आजींची मान कलंडली. त्यानं त्यांच्या तोंडावरून पंचा फिरवला, घोटभर पाणी पाजलं, कूलरचे पंप बंद करून नुसते पंखे ठेवले आणि स्टेजच्या समोरच्या टोकाला, लोकांच्या पाठीमागं असलेल्या पडद्याची गाठ सोडायला घेतली.

संयोजक धावत आले. "अरे, त्याच्यावर साहेबांचा फोटो हाय!"

"फोटूला घाम येत न्हाई, दादा," तो गाठ सोडत म्हणाला. "आजीला लई आलाय."

त्यानं पडदा खालून वर गुंडाळत नेला. साहेबांचं फक्त कपाळ उरलं. पलीकडच्या उसातून वारा आत आला. त्यानं आजींना खुर्चीसकट उचलून वाऱ्याकडं तोंड करून बसवलं.

"बरं वाटतंय का?"

"व्हय रं बाबा. भाषण संपलं का?"

"अजून दोघं हायत."

"मग मी हितंच बरी."

शेजारच्या बाईंनी खुर्ची वळवली. मग त्यांच्या मागच्यांनी. शिष्टाचार म्हणून मी थोडा वेळ थांबलो, आणि मग मीही स्टेजकडं पाठ केली.