मोबाइलमध्ये बेस येत नाही

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ज्याला सांगायला हवं होतं त्या दत्ताला तर नाहीच. बारा वर्षं झाली. तुम्हाला सांगतोय — पण थोडं आडून आडून येईन, चालेल ना? सरळ यायची सवय नाही मला.

मी सांगलीत एका शाळेत गणित शिकवतो. पस्तिशीत बेस गिटारचं वेड लागलं. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. वाजत असते तोवर तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं; थांबली की मात्र गाण्याच्या पायाखालची जमीन जाते. माझा मित्र प्रसन्न गिटार वाजवायचा आणि गायचा. त्याच्या घरच्या हळदीच्या गोदामाच्या माळ्यावर आम्ही जमायचो. पंक रॉक त्यानंच आणलं. तीन कॉर्ड, दोन मिनिटांचं गाणं आणि घसा फुटेस्तोवर ओरडणं. "ह्यात चूक झाली तरी कुणाला कळत नाही," म्हणायचा. मला तेच तर हवं होतं.

पण बेसवाल्याला तशी सूट नसते. एकच स्वर सेकंदाला पाच-सहा वेळा, प्लास्टिकची छोटी पिक तारेवर दरवेळी वरून खालीच मारत, अख्खं गाणं धरून ठेवायचा. ऐकायला पोरखेळ. दुसऱ्या गाण्यापर्यंत माझं मनगट लाकूड व्हायचं. मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो मी, अर्ध्या वेगावर लावून. अर्ध्या वेगात मला सगळी गाणी यायची.

दत्ता जतकडचा, सांगलीत वेल्डिंगच्या दुकानात कामाला. घरात पिढ्यान्‌पिढ्या हलगी. वडिलांबरोबर जत्रेत, लग्नात वाजवत मोठा झालेला. प्रसन्ननं त्याला एका वरातीत ऐकलं आणि आणून ड्रमवर बसवलं. महिन्याभरात ड्रमच्या पेडलवर त्याचे पायही बोलायला लागले. आमचं एकच मराठी गाणं होतं, तेही त्याचंच — 'टँकर'. गावात पाण्याचा टँकर शिरला की बाया हंडे घेऊन ज्या वेगानं पळतात, त्या वेगाचं. त्याहून वेगवान आमच्याकडे काही नव्हतं.

मला मास्तर म्हणायचा. "मास्तर, तुमचा आवाज माज्या पोटात येतोय बगा. तेवढा धरून बसलो की मी हालत न्हाई."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलेलं आहे.

एका मंडळाच्या गणपतीत ऑर्केस्ट्राच्या आधी आम्हाला वीस मिनिटं मिळाली. दत्ताची आई गावाहून आली होती, त्याचं गाणं ऐकायला. पुढच्या रांगांत माझ्या शाळेतली पोरं, त्यांचे आईबाप. पहिली दोन गाणी बरी गेली. तिसरं 'टँकर'. मनगट आधीच भरून आलेलं. दुसऱ्या कडव्याला बोट एक घर चुकलं, आणि ती चूक माणसाएवढ्या स्पीकरमधून बाहेर पडली. कुणाला कळली? बहुतेक कुणालाच नाही. पण माझ्या वर्गातली एक मुलगी शेजारणीच्या कानाला लागली — मूर्तीबद्दलही बोलली असेल — आणि मला वाटलं, गेली अब्रू.

मी करंगळीनं बेसवरचं व्हॉल्यूमचं बटण फिरवलं. शून्यावर. आणि हात हलवत राहिलो.

दत्तानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. माझे हात तर बरोबर हलत होते. मग त्यानं काय समजायचं? तो पुढं गेला, थबकला, परत पुढं गेला. प्रसन्नचं गाणं एकीकडे, ताल एकीकडे. गाणं मध्येच बंद पडलं. मागून कुणीतरी म्हणालं, "आरं, वरात फुडं गेली की!" अख्खा मांडव हसला. दत्ता काड्या मांडीवर घेऊन बसून राहिला. त्याच्या आईकडे मी बघितलं नाही.

खाली उतरल्यावर तो माझ्याजवळ आला. "आवं मास्तर, तुमचा आवाज मला आलाच न्हाई."

"गोंगाटात आला नसेल," मी म्हणालो.

इथं थांबता आलं असतं. प्रसन्न चिडला होता; दत्ता दोन हातांच्या अंतरावर वायर गुंडाळत असताना तो मला म्हणाला, "शेवटी वरातीतलाच हात तो. तुला काय वाटतं?" आणि मी — गणिताचा मास्तर, उत्तर माहीत असलेला एकटा माणूस — म्हणालो, "ताल सुटला त्याचा."

दत्ता पुन्हा माळ्यावर आला नाही. आम्ही बोलावलंही नाही. चार दिवसांनी कुणीतरी मोबाइलवर केलेलं चित्रण आलं. प्रसन्ननं विचारलं, "ह्यात बेस कुठाय रे?" मी म्हणालो, मोबाइलमध्ये बेस येत नाही. एवढ्याशा स्पीकरमधून जाड स्वर निघत नाहीत; ते बऱ्यापैकी खरंच असतं, म्हणून पटलं. त्यानं ते पुन्हा लावलं नाही.

गेल्या महिन्यात परीक्षेच्या भरारी पथकात, कॉपी पकडायला, मी जतला गेलो. रस्त्याकडेच्या वेल्डिंगच्या दुकानातून हाक आली, "मास्तर!" दुकान आता त्याचं स्वतःचं. त्यानं खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला, मुलीला बोलावलं. "हे मास्तर. लय भारी वाजवायचे. माजाच ताल कच्चा निघाला."

मी हलगीचं विचारलं. विचारायला नको होतं.

"सोडली की तवाच. जत्रंत आता चुलतभाऊ वाजवतो. कवातरी हात शिवशिवतो, पर वाटतं, उगं कशाला? आपला ताल सुटतोय म्हनल्यावर..." तो हसत होता. तक्रार नव्हती त्यात. त्याला ते खरंच वाटत होतं.

माझ्या खिशात फोन होता. ते चित्रण त्यात अजून आहे. कानाला हेडफोन लावले तर पहिल्या दोन गाण्यांत बेस ऐकू येतो. तिसऱ्यात मध्येच जातो. तो गेल्यावर आठ ठोके दत्ता एकटा वाजवतो, एकही न चुकता — माझी वाट बघत. मग सुटतो. हे मी चित्रण आलं त्याच दिवशी ऐकलं होतं.

मुलीनं चहा दिला. मी तिला कितवीत आहेस म्हणून विचारलं, चहा संपवला आणि गाडीत जाऊन बसलो.