संक्रांतीच्या वाणात कादंबरी

बायकोने कादंबरी लिहिली तेव्हा मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि तिला एक. मी कॉलेजात मराठी शिकवायचो, ती शाळेत विज्ञान. म्हणजे कल्पनेचं खातं रीतसर माझ्याकडे होतं. पण नव्या कादंबऱ्या तीच वाचायची, मोबाइलवर: शापित राजपुत्र, बोलणारे ड्रॅगन, दोनशे वर्षांनंतरची शहरं आणि सगळीकडे प्रेम.

"दोनशे वर्षांनंतरही हेच?" मी एकदा विचारलं.

"मग काय, तेव्हा माणसं नुसती वीजबिलं भरतील?"

तिची कादंबरी अशी: तापीच्या तळाशी एक राज्य आहे. तिथल्या राजपुत्राला फक्त अमावास्येला पाण्याबाहेर येता येतं. काठावरच्या केळी बागायतदाराच्या मुलीवर त्याचं प्रेम बसतं. पुढचं मला माहीत नव्हतं, कारण मी चाळीस पानं वाचून थांबलो होतो.

"कशी वाटली?" तिने विचारलं.

"ओघवती आहे." न वाचलेल्या निबंधांवर मी आयुष्यभर हाच शेरा मारत आलो.

"आणि शेवट?"

"शेवटही."

तिचा खरा प्रश्न तोच होता. शेवट तिने तीनदा बदलला होता आणि तो जमला की फसला हे सांगणारं एक माणूस तिला हवं होतं. एकच.

असं माणूस प्रकाशन समारंभात भेटणं शक्य नव्हतं. तिथे शाली होत्या. प्रमुख पाहुण्यांनी पाऊण तास स्वतःच्या बालपणावर घालवला, पुस्तक उलटं धरून फोटो काढून घेतला आणि "या कवितासंग्रहातून समाजाला दिशा मिळेल" असं सांगून ते जेवायला गेले. शाली संपल्या, पुस्तकं उरली. चार खोकी दिवाणाखाली गेली.

जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. येणाऱ्या बायकांना वाण म्हणून आमच्याकडे दरवर्षी स्टीलची वाटी, नाहीतर चहाची गाळणी देतात. बायको म्हणाली, "यंदा पुस्तक देणार."

"गाळणीने निदान चहा गाळता येतो."

"तुम्ही त्या दिवशी गच्चीवर बसा."

गच्चीवर ऊन होतं, म्हणून मी आतल्या खोलीत बसलो. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"हे काय वं, पुस्तक?"

"मॅडमनी स्वतः लिहिलंय."

"मतलब वाचावं लागेल?"

"नाही तं काय, पोळ्या लाटशील त्याच्यावर?"

"प्रेमाची आहे का वं?"

"आहे," बायकोचा आवाज आला.

"मग दोन द्या. एक माझ्या सासूला."

दीड खोकं रिकामं झालं. आठवड्याने बायको एका ओळखीच्या घरी हळदीकुंकवाला गेली आणि स्वतःचीच कादंबरी हातात घेऊन परत आली. तिला ती वाण म्हणून मिळाली होती. एका घरचं वाण दुसऱ्या घरी खपवणं हा आमच्याकडचा जुना रिवाज आहे; एक साबणदाणी पाच घरं फिरून मूळ मालकिणीकडे आलेली मी पाहिली आहे. पण त्या बाईने कव्हरवरचं नावसुद्धा पाहिलं नव्हतं. "छान आहे म्हणतात," असं म्हणत तिने पुस्तक खुद्द लेखिकेच्या हातावर ठेवलं होतं.

मी हसलो. हसायला नको होतं.

"उद्या रद्दीवाल्याला बोलवा," ती म्हणाली. भाजीवाल्याला बोलवा म्हणावं इतक्या साध्या आवाजात. त्यामुळे मला समजूत घालायलाही जागा राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी रद्दीवाल्याच्या आधी जसोंडीहून एक बाई आल्या. घरची केळीची बाग सांभाळणाऱ्या, हातात आमचं पुस्तक, चेहऱ्यावर तक्रार. पुस्तक फिरत फिरत त्यांच्याकडे पोचलं होतं. चपला काढता काढताच त्यांनी सुरुवात केली.

"ताई, हे तुमीच लिहिलं ना? मंग सांगा, शेवटी ती पोरगी पाण्यात गेलीच कशी?"

"प्रेम होतं ना त्याच्यावर," बायको म्हणाली.

"असू द्या की प्रेम. पण बाग कापणीवर आलेली. केळी न्यायला दिल्लीची गाडी दारात लागलेली. बाप एकटा. असे घड झाडावर सोडून कोणी जाते का? माल पिवळा पडते ना!"

"गाडी तुमच्या लक्षात राहिली?" बायकोने हळूच विचारलं.

"नाही राहणार? मी तं पुढची तीन पानं गाडीचीच वाट पाहून राह्यली होती. तुमी तिला विसरूनच गेल्या."

"विसरले नाही, मुद्दाम सोडली. ती गाडी भरायला थांबली असती तर अमावास्या निघून गेली असती."

"मंग पुढच्या अमावास्येला जायचं! तो कुठी पळून चालला होता? नदीतच राह्यतो ना?"

या मुद्द्याला साहित्यशास्त्रात उत्तर नाही. मी चहा ठेवला. दीड तास त्या दोघी पानं उलटून उलटून भांडल्या. प्रकाशनाच्या दिवशी शाल अंगावर असताना बायको इतकी खूश दिसली नव्हती.

मधेच बाई माझ्याकडे वळल्या. "सर, तुमीच सांगा. जायला पाहिजे होतं का तिनं?"

"कुठे?" मी विचारलं.

बायकोने पुस्तक मिटलं.

"सरांनी नाही वाचलं," बाईंनी निकाल दिला आणि बिस्किट चहात बुडवलं.

"चाळीस पानं वाचलीत," बायको म्हणाली. "त्यांची खूण अजून तिथेच आहे. रोज बघते मी."

रद्दीवाला आला, त्याला मी जुनी वर्तमानपत्रं देऊन वाटेला लावलं. निघताना बाईंनी एक अख्खं खोकं मागितलं. रथसप्तमीच्या आत त्यांच्याकडे हळदीकुंकू होतं.

"पण एकीएकीला सांगणार मी, शेवट चुकला म्हणून."

"सांगा," बायको म्हणाली. "फक्त तिचं वाचून झाल्यावर सांगा."

"आणि ती म्हणाली का बरोबर आहे, तं?"

"तर?"

"तं तिचं माझं भांडण," बाई म्हणाल्या आणि मला खोकं उचलायला सांगितलं.