निम्म्यांचं औषध

आमच्या लालबागच्या चाळीत जयवंतइतका हट्टी माणूस दुसरा नाही. संप फिसकटला, बरोबरीचे वॉचमन झाले, हा मात्र गिरणी पुन्हा सुरू होईल म्हणून वर्षानुवर्षं वाट बघत बसला. मग मूत्रपिंडं गेली. आता एक दिवसाआड परळला डायलिसिस. आला की भिंतीला टेकतो आणि बायकोकडे, शेवंतीकडे, पाणी मागतो. पाण्याचं पथ्य, म्हणून तिला बिचारीला घोटभरच द्यावं लागतं.

त्याला एकच हवं होतं, भजनात पुन्हा पखवाज वाजवायचा. पण हातात त्राणच नव्हतं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एक अभ्यास काढला. मशीनवर रक्त धुताना शरीर आतून गंजतं म्हणे. ते ‘ई’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी थांबतं का, हे बघायचं होतं. निम्म्या पेशंटना खरं औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी साध्या तेलाची गोळी. कुणाला काय, ते शेवटपर्यंत बाईंनाही कळणार नव्हतं. जयवंतने सही केली.

महिन्याभरात गडी बदलला. एकादशीला त्याने खुंटीवरचा पखवाज काढला आणि अख्ख्या अभंगाला वाजवला. शेवंती दारात उभी राहून रडली. माझेही डोळे भरून आले.

डायलिसिसला शेजारच्या खुर्चीत असणाऱ्या, अभ्यासातल्याच दत्तू कोळ्याला मात्र काडीचा फरक नव्हता. म्हणजे खरं औषध आपल्याला आणि तेल दत्तूला, असं जयवंतने ठरवूनच टाकलं. संपात याच दत्तूच्या आईने टोपलीतलं सुकट आमच्या चाळीत दारोदार फुकट वाटलं होतं. ते आठवून त्याने दोघांच्या डब्या ओतल्या, गोळ्या एकत्र केल्या आणि सारख्या वाटून घेतल्या. वर बाईंना जाऊन सांगितलंही.

"निम्म्यांनाच द्यायचं हे काय बरोबर नाय, मॅडम."

बाईंनी कपाळाला हात लावला. दोघांचीही नावं कमी झाली, गोळ्या बंद झाल्या. मला इतका राग आला की मी चार दिवस त्याच्याशी बोललो नाही.

अभ्यास संपल्यावर जयवंतने हट्टाने विचारलं, तेव्हा बाईंनी सांगून टाकलं. तेल जयवंतच्या डबीत होतं. औषध दत्तूच्या.

त्या संध्याकाळी तो पखवाज मांडीवर घेऊन नुसता बसून राहिला.

"अहो, तेव्हाही तेलावरच वाजवलात ना?" शेवंती म्हणाली. "हात तर तुमचेच होते."

"दमलोय गो," तो म्हणाला आणि पखवाज तिच्याकडे दिला. तिने खुंटीला लावलेला तो पखवाज त्यानंतर खाली आलेला नाही.

दत्तू अजून शेजारच्याच खुर्चीत असतो. कुणाच्या डबीत काय होतं, ते त्याला कुणी सांगितलेलं नाही. "तुझ्या गोळ्यांनी जरा उभारी आली रे मला, अजून टिकून हाय," असं अधूनमधून म्हणतो. जयवंत डोळे मिटून मान डोलावतो. सोबत म्हणून मीही कधी कधी तिथे असतो, पण खरं काय ते दत्तूला सांगत नाही. एकाचं बळ गेलं तेवढं पुरे झालं.