बैलाच्या खुरांखालची फट

मुरुम गावच्या चौकातल्या, मी घडवलेल्या लाकडी बैलाला मी दर दिवाळीनंतर जवसाचं तेल पाजायला जातो. कडुनिंबाच्या एकाच खोडातला, खऱ्या बैलाएवढा. बसवताना खुरांखाली मी दोन बोटं फट ठेवली होती. नुसत्या लोखंडी सळयांवर तो उभा होता, म्हणजे पाणी निथळून जाईल आणि लाकूड कुजणार नाही. पण लोकांनी त्याचा नंदी करून टाकला. दर सोमवारी पाठीवर तांब्यानं पाणी. पुढं कुणीतरी प्रेमानं ती फट सिमेंटनं बुजवली. “देव अधांतरी बरा दिसतो व्हय?” असं मलाच विचारलं होतं. हे सगळं गेल्या वर्षीचं. पाहिलं, आता पाणी साचून पाय कुजणार हे कळलं, आणि मी बोललो नाही. त्या दिवशी माझ्या गळ्यात हार होता, हातात नारळ. आपल्या हातचं लाकूड देव झालं म्हणून मी फुगलो होतो, दुसरं काही नाही.

यंदा नेमका सोमवारीच पोहोचलो. मागच्या पायावर हातोडी ठोकली तर भद्द आवाज आला. पेचकस टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. दुसऱ्या पायातही तेच. वर बघतो तर एका बाईनं दीड-दोन वर्षांचं लेकरू बैलाच्या पाठीवर बसवलेलं, एका हातानं त्याला धरून ती बैलाच्या कानात काहीतरी सांगत होती.

ओरडावं तर लोक धावणार, बैलालाच हात लावणार आणि तो कोसळणार. मी त्याच्या मांडीखाली खांदा दिला. माझ्या खांद्यानं ते धूड कसलं थोपतंय!

“ताई, लेकरू खाली घ्या.”

रोज तिथं दिवा लावणारे आजोबा तांब्या घेऊन उभे होते. ते म्हणाले, “दम धरा की पावणं. सांगाय लागलीय तिचं, होऊ द्या पुरं.”

लाकूड करकरलं. निदान मला तरी तसं ऐकू आलं. आयुष्यात इतका मी कधी घाबरलो नव्हतो. बाईचा राग आला, मग स्वतःचीच लाज वाटली.

“पाय कुजलेत त्याचे!” मी खेकसलो.

तिनं लेकरू ओढून छातीशी धरलं. नंतर गड्यांनी दोर बांधून बैल आडवा केला, तेव्हा मागचे दोन्ही पाय घोट्यातून सुटले. खुरं सिमेंटातच राहिली.

आजोबांनी वाकून कुजक्या पायातला ओला भुसा चिमटीत घेतला. मग माझ्यापुढं हात जोडले.

“चूक आमची झाली. आमीच सिमेंट भरलं. त्यानं पाय कुजत्यात हे तुमाला ठावं असतं तर तुमी सांगितलंच असतं की न्हाय?”

बाई लेकराला घेऊन तिथंच उभी होती, माझ्याकडं बघत. मी मान डोलावली.