बिनपेटीचं गाणं

लसूण सोलला की सुरतच्या पांडेसऱ्यातली तीस वर्षांमागची ती संध्याकाळ आठवते. दुसऱ्या दिवशी नाताळ होता. मी अन् माझी बायको मार्था लसूण सोलत बसलो होतो, दर नाताळला चर्चमध्ये गायची ते शेकडो वर्षांपूर्वीचं लॅटिन गाणं ती गुणगुणत होती. चर्चमधली पोरं म्हणायची, "मावशी, कीबोर्ड लावू, लोक कंटाळतात." ती म्हणायची, "कंटाळले तर घरी जातील. हे बिनपेटीचंच गायचं."

त्याच रात्री छातीत कळ येऊन ती गेली.

सकाळी फादर म्हणाले, "दादा, आज ते गाणं गाळू." मी म्हणालो, "नको."

मेव्हणा म्हणाला, "ताईला अजून पुरलं नाही अन् तुम्ही गाणार, दाजी?"

"गाणार."

ऐकून ऐकून पाठ झालं होतं, अर्थ आजही ठाऊक नाही. लोकांना वाटलं, मी प्रार्थना करतोय. आता कळतं, मी देवाशी भांडत होतो. तिच्या जागेवर उभा राहून, फाटक्या आवाजात, सगळी कडवी गायलो.