फरशीवर बसणाऱ्या बाई

"तुझं नंतर. आधी तिचं काय म्हणणं आहे, ते तू सांग." कोणीही भांडण घेऊन आलं की नव्या बाई एवढंच म्हणायच्या आणि दोघांच्या मध्ये चक्क फरशीवर बसकण मारायच्या.

वांगणीहून अंबरनाथला, आमच्या शाळेत, त्या एका वर्षाच्या करारावर आल्या. असे नव्या उत्साहाचे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. मी सव्वीस वर्षं हातात पट्टी घेऊन वर्ग सांभाळलेली. म्हटलं, चार दिवसांचं कौतुक आहे. पण खिडकीजवळच्या जागेवरून हमरीतुमरीवर आलेली दोन पोरं एकमेकांची बाजू मांडता मांडता इतकी रंगली, की शेवटी दोघांनाही खिडकी नको झाली. मला हसू आवरेना.

सहावीत प्राजक्ता होती. तोंडाचा पट्टा सतत चालू. बोलणाऱ्यांची नावं मॉनिटरने फळ्यावर लिहायची, हा नियम माझाच. प्राजक्ताचं नाव रोज असायचं, पुढे फुल्यांची रांग. एक दिवस तिने मॉनिटरला, काव्याला, ढकललं. बाकावर आपटून काव्याचा दात तुटला.

काव्याची आई तणतणत आली. एक तर ती मुलगी राहील, नाहीतर माझी, म्हणाली. मुख्याध्यापकांनी प्राजक्ताच्या वडिलांना बोलावलं. मुलीचा दाखला मिळावा, असा अर्ज मीच लिहून ठेवला होता. वडिलांनी फक्त सही करायची. आनंदनगरच्या कंपनीतली रात्रपाळी उरकून ते थेट आले होते. मी तक्रारी वाचायला लागले, तर ते गोंधळले.

"बाई, नावात काही चूक झालीय का? आमची पोरगी बोलतच नाय. अबोल आहे ती."

मला वाटलं, माणूस सरळ खोटं बोलतोय. नव्या बाईंनी मात्र दोघी मुलींना समोर घेतलं आणि खाली बसल्या. काव्याला म्हणाल्या, हिची बाजू माहीत नसेल तर हिलाच विचार. दोघींची बराच वेळ कुजबुज चालली.

मग काव्या म्हणाली, "हिच्या घरी एकच खोली आहे. पप्पा दिवसा झोपतात, म्हणून आवाज करायचा नाही. ही फक्त शाळेतच बोलते."

प्राजक्ताने काव्याची बाजू सांगितली. "नाव लिहिलं नाही, तर बाई हिलाच ओरडतात. ही घाबरते."

बाई म्हणजे मी. अक्षरशः मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वडिलांनी पेन खाली ठेवलं. "मला वाटायचं, हिचा स्वभावच तसा," एवढंच म्हणाले. काव्याची आईही निवळली. दोघींना लांब बसवा म्हणजे झालं, म्हणाली. अर्ज मी फाडला आणि वर्गात जाऊन फळा पुसला.

एप्रिलमध्ये करार संपला आणि नव्या बाई गेल्या. मी त्यांना आभाराचा एक शब्दही बोलले नाही; माझी सव्वीस वर्षं आड आली. आज मनापासून म्हणते, बाई, तुम्ही होता म्हणून ती पोर आमच्या शाळेत राहिली.

शुक्रवारी कंपनीला सुट्टी असते. त्या दिवशी प्राजक्ताला न्यायला वडील फाटकाशी येतात. परवा त्यांच्या घराच्या वळणावर दोघं उभीच दिसली. तिचं अजून सांगून व्हायचं होतं.